इनएव्हिटेबली म्हणजे ‘नक्की’ नाही का? बँकेच्या अर्जात लिवलं अन् फजिती झाली

पऱ्हाटीवाला_पोट्टा (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी, प्रश्न लहानच आहे पण दोन दिवसापासून डोक्यात घुसून बसला म्हणून इथं टाकून रायलो. झालं असं का बाबाच्या पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत गेलो होतो, सातबारा होता, आठ-अ होता, फेरफारची नक्कल तेवढी राहिली होती. साहेब नवीन आलेला, बाहेरच्या राज्यातला, मराठी येत नाही त्याले, तो म्हणे एक अॅप्लिकेशन लिहून द्या का कागद कधी आणता. मी तिथंच काउंटरवर उभ्या उभ्या लिवलं, “आय विल इनएव्हिटेबली सबमिट द डॉक्युमेंट ऑन मंडे”. माझ्या मनात होतं का सोमवारी नक्की, अजिबात न चुकता आणून देतो. साहेबानं वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं अन् बाजूच्या मॅडमले दाखवलं, दोघंही हसले. अर्ज घेतला पण काय चुकलं ते काही सांगितलं नाही, अन् माझी पण विचारायची हिंमत नाही झाली.

घरी येऊन मोबाईलात पाह्यलं तर अपरिहार्यपणे, अटळपणे, अनिवार्यपणे. आता मले मराठीच समजेना! अनिवार्य म्हणजे कंपल्सरी न? आधार अनिवार्य, हेल्मेट अनिवार्य. अन् अपरिहार्य हा शब्द मी जिंदगीत फक्त नोटिशीवर पाह्यला, ‘काही अपरिहार्य कारणास्तव ग्रामसभा तहकूब’. अटळ म्हणावं तर माझं सोमवारी जाणं पण टळणार नव्हतंच, मग चुकलं कुठं?

दुसरं म्हणजे मी अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करून रायलो, तिथं गाळलेल्या जागेत इनएव्हिटेबली, इनव्हेरिएबली, इव्हेंच्युअली, नेसेसरिली असे चार पर्याय देतात अन् मले ते चारही एकाच मायचे लेकरं वाटतात. साधं सांगा कोणीतरी, व्याकरणाच्या पुस्तकासारखं नको.

तर्री_जास्त

अरे बाप्पा 😂😂 पोट्ट्या तू साहेबाले लिवून देल्लं का, “साहेब, सोमवारी माह्या हातून कागद जमा होनारच हाय, म्या कितीही पळालो तरी होईन, थे काई माह्या हातात नाई”. थो हासन नाई तं काय करन!

निवृत्त_गुरुजी

वरच्या भाऊंनी थट्टेत सांगितलं पण अगदी बरोबर सांगितलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, तेव्हा ही चूक मी वह्यांमध्ये खूपदा पाहिली आहे आणि खरं सांगतो बाळा, चूक तुझी कमी अन् डिक्शनरीची जास्त आहे. डिक्शनरी एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवते आणि मोकळी होते.

‘नक्की’ म्हटलं की त्यात बोलणाऱ्याचा जीव असतो, मी शब्द देतो, मी करीन. इनएव्हिटेबली मध्ये कोणाचाच शब्द नाही आणि कोणाची इच्छाही नाही. कारणं अशी जुळून आलेली असतात की परिणाम घडतोच, कोणी आडवं पडलं तरी घडतो. म्हणून तो शब्द घटनांसाठी, परिणामांसाठी वापरायचा, वचनासाठी नाही. तुला साध्या भाषेत ‘विदाउट फेल’ लिहायचं होतं, “आय विल सबमिट द डॉक्युमेंट ऑन मंडे विदाउट फेल”. खरं तर नुसतं “आय विल सबमिट” पुरलं असतं, बँकेला तारीख पाहिजे असते, क्रियाविशेषण नाही.

शब्द फोडून पाहिला तर डोक्यात पक्का बसेल. मूळ लॅटिन. त्यातला ‘व्हितारे’ म्हणजे एखाद्या गोष्टीपासून दूर राहणं, चुकवणं. त्याला आधी ‘ए’ लागला म्हणजे बाहेर, चुकवून बाहेर पडणं, आणि सगळ्यात पुढं ‘इन’ म्हणजे नाही. ज्यातून अंग चोरून निसटता येत नाही ते इनएव्हिटेबल. १५व्या शतकापासून इंग्रजीत आहे. पुष्कळांना वाटतं की अव्हॉइड हा शब्दही ह्याच घरातला असेल, ऐकायला तसाच लागतो, पण तो नाही, तो ‘व्हॉइड’ म्हणजे रिकामं ह्या घरातला, जागा रिकामी करून निघून जाणं. हे परीक्षेत येणार नाही, मला आवडतं म्हणून सांगितलं.

आपला ‘अपरिहार्य’ सुद्धा तसाच बनलेला आहे. परिहार म्हणजे टाळणं, दूर सारणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात २७व्या श्लोकात ‘अपरिहार्येऽर्थे’ आलं आहे ते ह्याच अर्थानं, जन्मलेल्याला मरण आहे, ते टळत नाही, तर मग शोक कशाला. तिथं कोणी कोणाला वचन देत नाही बघ.

पण बोलताना आपण अपरिहार्यपणे म्हणतो का? मी तर आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आपण म्हणतो, “पांदणीच्या कच्च्या रस्त्यानं पावसाळ्यात गाडी नेली तर फसल्याशिवाय राहत नाही”. हे जे ‘-ल्याशिवाय राहत नाही’ आहे ना, हेच इनएव्हिटेबली चं खरं मराठी. दोन नकार जोडून आपण तो अटळपणा दाखवतो. नाहीतर नुसता एक ‘च’ लावतो, फसतेच, फसणारच. इंग्रजीला त्यासाठी पाच तुकड्यांचा शब्द लागतो, आपलं एका अक्षरात भागतं.

पऱ्हाटीवाला_पोट्टा

गुरुजी खूप धन्यवाद, पण एक शंका. आपण वचन देताना पण म्हणतोच न, “काहीही झालं तरी येतो”. म्हणजे कोणी आडवं पडलं तरी येतो. मग तुमच्या नियमानं तिथं इनएव्हिटेबली बसायला पाहिजे!

निवृत्त_गुरुजी

शाब्बास, हाच प्रश्न पाहिजे होता. “काहीही झालं तरी” मध्ये बाहेरच्या अडचणी धरल्या आहेत, पाऊस येवो, एसटी न येवो, मी येईन. तुझं मन मात्र तुझ्याच हातात आहे. आता परीक्षा अशी घे, वाक्याच्या आधी ‘टाळायचं ठरवलं तरी’ लावून पाहा. “टाळायचं ठरवलं तरी पांदणीत गाडी फसते”, बसलं. “टाळायचं ठरवलं तरी मी सोमवारी कागद आणून देईन”, बसलं का? ज्याला टाळायचंच आहे तो आणणार कशाला! साहेब तिथं हसला.

आता तुझी ती चार लेकरं. एकच उदाहरण घेतो, लाईनचं म्हणजे विजेचं, कारण हे लिहिता लिहिता इथं एकदा जाऊन आली.

पावसाचे चार थेंब पडले की लाईन जाते, दरवेळी, एकही खेप चुकत नाही. हे इनव्हेरिएबली. ह्यात मोजणी आहे, दहापैकी दहा वेळा. का जाते, थांबवता येईल का, ह्याच्याशी त्या शब्दाला घेणं नाही.

डीपीवरून आलेली तार इतकी जुनी आहे आणि वर चिंचेची फांदी टेकली आहे, तर ती एक ना एक दिवस तुटणारच. हे इनएव्हिटेबली. कदाचित अजून एकदाही तुटली नसेल! दहापैकी शून्य वेळा झालेलं पण पुढं टळत नाही असंही इनएव्हिटेबली असू शकतं, हे लक्षात ठेव, परीक्षेत इथंच फसवतात.

लाईन गेली, तीन तास वाट पाहिली, फोन केले, शेवटी आली. हे इव्हेंच्युअली, सरतेशेवटी. ह्यात फक्त वेळ गेला, अटळ असं काही नव्हतं.

आणि लाईन गेली म्हणजे डीपीच जळाली असं काही नाही, फ्यूज पण उडाला असेल. हे नॉट नेसेसरिली. अमुक आहे म्हणून तमुक असलंच पाहिजे का, हा तर्काचा हिशोब आहे. “नॉट इनएव्हिटेबली” असंही लिहितात पण फार कमी, नकार आला की आधी नेसेसरिली कडं बघायचं.

संत्रा_मोर्शी

गुरुजी फार छान समजावलं. मी शेतीच्या माहितीपत्रकांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, ह्या शब्दाशी माझं रोजचं भांडण आहे म्हणून थोडं जोडते.

दादा तुमचा नोटिशीचा मुद्दा कोणी उचलला नाही पण तो खरा महत्त्वाचा आहे. ‘अपरिहार्य कारणास्तव’ मधला अपरिहार्य म्हणजे इंग्रजीतला अनअव्हॉइडेबल, इनएव्हिटेबल नाही. मराठीत दोघांना एकच शब्द आहे म्हणून घोळ होतो. अनअव्हॉइडेबली हा शब्द मागं वळून माफी मागतो, उशीर झाला, माझ्या हातात नव्हतं, समजून घ्या. “आय वॉज अनअव्हॉइडेबली डिलेड” लिहिलं तर ऑफिसात चालतं. त्याच जागी “आय वॉज इनएव्हिटेबली डिलेड” लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस म्हणतोय, “झाला उशीर, होणारच होता, माझं नेहमीचंच आहे”. माफी गेली उडून आणि वरून टोमणा झाला स्वतःवरच 😄

आणि अनिवार्य. मुळात अनिवार्य म्हणजे ज्याचं निवारण होत नाही ते, पण आता हिंदीच्या संगतीनं आपल्याकडंही तो कंपल्सरी झाला आहे, पोर्टलवर तर लाल फुली टाकून असतो. नियमानं करावं लागतं ते कंपल्सरी, ते माणूस मोडू शकतो, हेल्मेट न घालता जाणारे रोज दिसतात. इनएव्हिटेबल मोडता येत नाही. म्हणून मी भाषांतरात अनिवार्यपणे कधीच लिहीत नाही, डिक्शनरीत असलं तरी.

अजून एक, गुरुजींनी सांगितलं की हा शब्द वचनाला चालत नाही, पण ‘आय’ सोबत अजिबात चालत नाही असं समजू नका हं. “आय इनएव्हिटेबली एंड अप ईटिंग अ सेकंड प्लेट” हे अगदी बरोबर इंग्रजी आहे. एकच प्लेट तर्री पोहे खाईन म्हणून ठरवून जाते आणि दुसरी खाल्ल्याशिवाय काही परत येत नाही. इथं ‘आय’ आहे पण इच्छा हरलेली आहे, म्हणून बसतं. ‘एंड अप’, ‘लीड टू’, ‘रिझल्ट इन’, ‘मीन’ ह्यांच्यासोबत हा शब्द सारखा दिसतो, त्या जोड्या पाठ करा, परीक्षेत कामी येतील.

जागेचं पण सांगते. विल, कॅन, हॅव असलं तर त्याच्यानंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी, “द वायर विल इनएव्हिटेबली स्नॅप”. वाक्याच्या अगदी सुरुवातीला टाकला तर स्वल्पविराम द्या, आणि तिथं टाकला की सूर बदलतो. “इनएव्हिटेबली, द गेस्ट ऑफ ऑनर अराइव्ह्ड लेट”, म्हणजे पाहुणे उशिरा आले, आणि येणारच होते, आपल्याला काय नवीन! शब्दशः अटळ असं काही नव्हतं त्यात, बोलणारा फक्त मान हलवतोय. मराठीत इथं मी ‘अर्थातच’ किंवा ‘नेहमीप्रमाणे’ लिहिते, अपरिहार्यपणे लिहिलं तर सगळा टोमणाच मरतो.

तर्री_जास्त

तर्री पोह्याचं उदाहरन देऊन ताईनं माह्यं नाव राखलं 🙏 दुसरी प्लेट इनएव्हिटेबली, तिसरी मंग पैसे किती हायेत त्यावर!

बोंडअळी_हटाव (कळंब)

मी कृषी सेवा केंद्रावर बसतो, इंग्रजी काही फार नाही पण कंपन्यांचे अन् विद्यापीठाचे पीडीएफ वाचावे लागतात. त्यात मी ‘ऑलमोस्ट इनएव्हिटेबली’ असं पाहिलं आहे. आता सांगा, टळतच नाही तर मग ऑलमोस्ट काय? टळत नाही म्हणजे नाही. अर्धवट अटळ असते का?

उदाहरण होतं फरदडीचं. कापूस वेचून झाल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी तशीच उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीले खायला अन् राहायला घर मिळते, ती राहिलेल्या बोंडात सुप्त राहते अन् पुढच्या हंगामात पतंग होऊन निघते. म्हणून फरदड घेतली का पुढच्या वर्षी अळी ‘ऑलमोस्ट इनएव्हिटेबली’ येते, असं काहीसं वाक्य होतं.

संत्रा_मोर्शी

शंका बरोबर आहे, पण हे खूप चालतं इंग्रजीत, चूक मानत नाहीत. लिहिणारा शास्त्राचा माणूस असतो, त्याला शंभर टक्के म्हणायची भीती वाटते, कुठंतरी एखाद्या वावरात अळी नाही आली तर कोणी पकडेल म्हणून. मी तिथं ‘बहुतेक येतेच’ लिहिते. आपल्या मराठीत पण गंमत तीच आहे बघा, ‘बहुतेक’ म्हणजे खात्री नाही आणि ‘च’ म्हणजे खात्री, दोन्ही एका वाक्यात आणि कोणाला खटकत नाही.

धुऱ्याच्या_अलीकडे

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मले हा शब्दच आवडत नाही अन् का आवडत नाही ते सांगतो. बोंडअळीचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावरूनच सांगतो.

२०१७ साली आमच्या जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीनं काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर इंग्रजीत जे छापून आलं त्यात मी वाचलं का अळीत बीटीविरुद्धची, म्हणजे बियाण्यातच घातलेल्या अळी मारणाऱ्या गुणाविरुद्धची, ताकद ‘इनएव्हिटेबली’ आली. वाचताना माणूस मान डोलावतो, आली बा, येणारच होती, निसर्ग आहे. अरे पण येणारच होती का? २००६ पासून बीजी-२, म्हणजे दुसऱ्या पिढीचं बीटी बियाणं, मिळत होतं, तेव्हाच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती वावराच्या कडेनं लावायची होती, त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्या, त्यांचे पतंग अन् ताकदवान अळ्यांचे पतंग जुळावे अन् ती ताकद लवकर पसरू नये म्हणून. आमच्या गावात ती पुडी कोणी लावली? माझ्या बापानं नाही लावली, मी नाही लावली. कोणी नीट समजावून पण नाही सांगितलं का ती कशासाठी आहे, अन् ज्याले समजलं त्याले वाटलं का अळीसाठी कायले वावरातली एक तास, म्हणजे एक ओळ, वाया घालवा. वरून फरदड घेतली ती वेगळीच.

म्हणजे करणारे होते, न सांगणारे होते, न ऐकणारे होते, अन् ह्या एका शब्दानं सगळे सुटले. तसंच ते ‘कोरडवाहू शेतकरी कर्जात जातोच’. तुमचा तो ‘च’ पण काही कमी नाही गुरुजी. पुढच्या वेळी कुठं इनएव्हिटेबली दिसला तर मी तरी आधी हे पाहतो का ह्यानं कोणाचं नाव झाकलं.

निवृत्त_गुरुजी

भाऊ, तुमचं म्हणणं मला पटलं आणि थोडं टोचलं पण, कारण ‘जातोच’ हे मीच वर्गात उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलेलं आहे. एवढंच म्हणतो की दोष शब्दाचा कमी आणि ‘जर’ खाऊन टाकण्याचा जास्त. पांदणीनं गाडी नेली *तर* फसते. पुडी लावली नाही *तर* ताकद लवकर पसरते. अट लिहिली की शब्द प्रामाणिक राहतो, कारण मग पांदणीनं न जाण्याची वाट उरते. अट गाळली की नशीब झालं. इंग्रजीत बातमी लिहिणारे अट गाळतात, जागा वाचते त्यांची.

धुऱ्याच्या_अलीकडे

हे मान्य. पांदण पक्की केली तर फसतही नाही, पण तो विषय इथं काढत नाही, रात्र पुरणार नाही.

पऱ्हाटीवाला_पोट्टा

एवढं सगळं माझ्या एका अर्जावरून निघालं 🙏 आता मले जेवढं समजलं तेवढं लिहून पाहतो, चुकलं तर सांगा.

इफ यू प्लाऊ युवर नेबर्स धुरा, ही विल इनएव्हिटेबली फाईट विथ यू. धुऱ्याले, म्हणजे वावराच्या बांधाले, इंग्रजीत काय म्हणतात ते नाही माहीत म्हणून तसाच ठेवला.

अन् उच्चार? आमचे क्लासवाले सर ‘इनएव्हिटेबल’ म्हणताना ‘टेबल’ वर जोर देतात, खुर्ची-टेबल सारखं.

संत्रा_मोर्शी

वाक्य एकदम बरोबर, ‘इफ’ पण आला, गुरुजी खूश होतील. धुऱ्याला ‘बंड’ म्हणतात, ‘फील्ड बंड’. जोर ‘एव्ह’ वर, टेबल तर नाहीच तिथं, इन्-एव्ह्-इ-ट-ब्ली, ‘ट’ अगदी हळू, गिळल्यासारखा.

पऱ्हाटीवाला_पोट्टा (सोमवार, संध्याकाळी)

अपडेट. आज सकाळी नक्कल आणायले गेलो तर कार्यालयाच्या दारावर कागद चिकटवलेला, ‘काही अपरिहार्य कारणास्तव कामकाज आज बंद, उद्या सुरू राहील’. तिथंच हसू आलं मले. आता बँकेत उद्या काय लिहून देऊ? “सर, आय वॉज अनअव्हॉइडेबली डिलेड. आय विल सबमिट द डॉक्युमेंट टुमारो”. बरोबर आहे का गुरुजी?

निवृत्त_गुरुजी

बरोबर. ‘टुमारो’ काढ आणि तारीख टाक.

तर्री_जास्त

अन् नक्कल हातात आल्याशिवाय तारीख टाकू नको लेका 😂